‘कदाचित’ची परीक्षा : ‘गेटिंग टू मेबी’ आणि विधी अभ्यासातील कार्यक्षमतेची चिकित्सा

प्रस्तावना

परीक्षेचा अभ्यास कसा करावा हे सांगणाऱ्या पुस्तकांकडे विद्यापीठीय समीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही. ग्रंथालयाच्या ‘स्पर्धा परीक्षा’ विभागात त्यांची पाने सर्वाधिक झिजतात. परंतु अध्यापकांच्या चर्चेत त्यांना स्थान नसते. वास्तविक एखाद्या विद्याशाखेत ज्ञान कशाला म्हणतात आणि ते कसे मोजतात, याचे सर्वांत प्रांजळ वर्णन अशाच पुस्तकांत सापडते. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टपत्रिकेत जे आदर्श म्हणून लिहिलेले असते, त्यातले प्रत्यक्षात गुण कशाला मिळतात हे मार्गदर्शक पुस्तक आडपडदा न ठेवता सांगते. या दृष्टीने रिचर्ड मायकेल फिशल आणि जेरेमी पॉल या दोन अमेरिकी विधी प्राध्यापकांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले ‘गेटिंग टू मेबी’ हे पुस्तक चिकित्सेस योग्य ठरते. शीर्षकाचा आशय ‘कदाचितपर्यंत पोहोचणे’ असा करता येईल. अमेरिकेतील विधी शाळांच्या परीक्षेत यश कसे मिळवावे हा त्याचा घोषित विषय. मात्र कायद्याचे ज्ञान म्हणजे काय, याविषयीचा एक ठाम सिद्धांत त्याच्या पोटात दडलेला आहे.

अमेरिकी विधी परीक्षेची घडण

या पुस्तकाची भूमिका समजण्यासाठी ज्या परीक्षेतून ते जन्मले तिचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हे १८७० साली हार्वर्ड विधी शाळेचे अधिष्ठाता झाले आणि १८७१ साली त्यांनी करारविषयक निवाड्यांचा संग्रह पाठ्यपुस्तक म्हणून सिद्ध केला. व्याख्याने ऐकून नियम टिपून घेण्याऐवजी मूळ निवाडे वाचावेत, प्राध्यापकाच्या प्रश्नांना वर्गात उत्तरे द्यावीत आणि तत्त्व स्वतः शोधावे, ही निवाडा-पद्धती पुढे बहुतेक अमेरिकी विधी शाळांनी स्वीकारली. परीक्षेतही काल्पनिक प्रसंग देऊन त्यावर कायदेशीर विवेचन मागण्याची प्रथा रूढ झाली. पहिल्या वर्षाच्या विषयात अनेकदा संपूर्ण सत्राचे गुण एकाच तीन-चार तासांच्या लेखी परीक्षेवर ठरतात. उत्तरपत्रिकेवर नाव नसते आणि श्रेणी इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत, ठरावीक वक्राकार वाटपानुसार दिली जाते. म्हणजे वर्षभर वर्गात एक गोष्ट चालते, ती म्हणजे निवाड्याचे विच्छेदन, आणि परीक्षेत दुसरीच विचारली जाते, ती म्हणजे अपरिचित प्रसंगाची सोडवणूक. या दोहोंमधील दरीतच मार्गदर्शक पुस्तकांची बाजारपेठ उभी राहिली. गिल्बर्ट व इमॅन्युएल या नावांनी विकले जाणारे तयार सारांश तेथील विद्यार्थ्यांच्या हाती अनेक दशके आहेत.

या परीक्षेवर टीका झालेली नाही असे नाही. फिलिप किसाम यांनी १९८९ साली ‘व्हँडरबिल्ट लॉ रिव्ह्यू’मधील दीर्घ लेखात असे प्रतिपादले की, या परीक्षा खोल विचारापेक्षा वादप्रश्न झपाट्याने हेरण्याच्या कौशल्याला बक्षीस देतात. विल्यम हेंडरसन यांनी २००४ साली याच शंकेला आकडेवारीचा आधार दिला : प्रवेश परीक्षेतील गुण आणि वेळेच्या बंधनातील वर्गपरीक्षा यांचा संबंध जितका घट्ट आढळतो, तितका तो घरी लिहावयाच्या परीक्षेशी किंवा निबंधाशी आढळत नाही. कारण पहिल्या दोहोंत वेग हा समान घटक आहे. कार्नेगी प्रतिष्ठानच्या २००७ च्या अहवालानेही सत्रान्ताच्या एकमेव परीक्षेवर आक्षेप घेतला, आणि अमेरिकन बार असोसिएशनने २०१४ साली आपल्या मानकांत सत्रादरम्यानच्या घडणात्मक मूल्यमापनाचा समावेश केला. फिशल-पॉल यांचे पुस्तक या सुधारणावादी परंपरेतले नव्हे. परीक्षा आहे तशी गृहीत धरून ती कशी वाचावी, एवढेच ते शिकवते. यात त्याचे बळ आहे आणि उणीवही.

फाटा म्हणजे काय

पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना ‘फाटा’ ही आहे. कायदा म्हणजे नियमांची जंत्री आणि परीक्षा म्हणजे त्या जंत्रीची उजळणी, असा नवशिक्या विद्यार्थ्याचा समज असतो. लेखकद्वयाच्या मते परीक्षेतील प्रसंग मुद्दाम अशा जागी उभा केलेला असतो की जिथून रस्त्याला दोन फाटे फुटतात. कधी तो फाटा कायद्यात असतो : दोन नियम लागू होऊ शकतात, किंवा एकाच नियमाचे दोन अर्थ संभवतात. कधी तो वस्तुस्थितीत असतो : नियम निर्विवाद असतो, पण घडलेली गोष्ट त्या नियमाच्या कोणत्या कप्प्यात बसते हे संदिग्ध असते. उत्तम उत्तर फाटा ओळखते, दोन्ही वाटांनी काही अंतर चालून दाखवते आणि मग कोणती वाट का स्वीकारावी हे सांगते. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे धाडकन लिहून मोकळा होणारा विद्यार्थी, निष्कर्ष बरोबर असूनही, गुण गमावतो. वादप्रश्न, नियम, उपयोजन व निष्कर्ष या चार पायऱ्यांचा ‘आयरॅक’ नावाचा जो साचा तेथे सर्वत्र शिकवला जातो, त्याविषयीही लेखक साशंक आहेत. कारण नियम एकच आणि ठरलेला आहे असे तो साचा सुचवतो.

ही कल्पना आपल्याकडील एका निवाड्यावर घासून पाहता येते. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास हा खटला करारविधी शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतो. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने १९५९ साली दूरध्वनीवरून खामगावच्या व्यापाऱ्यास सरकी पेंड खरेदीचा प्रस्ताव दिला आणि तो खामगावहून दूरध्वनीवरच स्वीकारला गेला. माल न मिळाल्याने अहमदाबादेत दावा दाखल झाला. करार नेमका झाला कोठे, अहमदाबादेत की खामगावात, या प्रश्नावर न्यायालयाचे अधिकारक्षेत्र अवलंबून होते. भारतीय करार कायदा १८७२ चा; दूरध्वनीचे एकस्व ग्रॅहम बेल यांस मिळाले १८७६ साली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टपाल होते, तार होती, दूरध्वनी नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ मधील निर्णयात न्या. वांच्छू व न्या. शहा यांच्या बहुमताने असे ठरवले की, टपालासाठीचा अपवादात्मक नियम तत्काळ संभाषणाला लागू नाही. स्वीकृती जेथे ऐकली गेली तेथे, म्हणजे अहमदाबादेत, करार झाला. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले. कलम ४ ची भाषा पुरेशी व्यापक आहे. स्वीकारणाऱ्याच्या मुखातून शब्द बाहेर पडून त्याच्या हाताबाहेर गेले की प्रस्ताव देणाऱ्याविरुद्ध स्वीकृती पूर्ण होते, आणि म्हणून करार खामगावात झाला, असे त्यांचे म्हणणे.

आपल्या प्रचलित गाईडमध्ये हा खटला चार ओळींत येतो : दूरध्वनीवरील करार स्वीकृती ऐकली जाते तेथे पूर्ण होतो. भिन्नमताचा उल्लेख असलाच तर शेवटी, कंसात. फिशल-पॉल यांच्या दृष्टीने पाहिले तर शिकण्यासारखे सारे त्या कंसातच आहे. बहुमत आणि भिन्नमत यांच्यामधील अंतर हाच फाटा होय. आणि उद्या प्राश्निकाने सोलापूरचा चादरी कारखानदार व नागपूरचा व्यापारी यांच्यातील ई-मेलचा प्रसंग दिला, तर विद्यार्थ्याला वाट दाखवील ती त्या फाट्याची जाण, ‘ऐकली जाते तेथे’ हे पाठ केलेले वाक्य नव्हे. ई-मेल टपालासारखा की दूरध्वनीसारखा? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची रवानगी व प्राप्ती कधी व कोठे झाली असे मानावे याच्या तरतुदी आहेत. त्या प्रश्न कितपत सोडवतात? हा झाला कायद्यातील फाटा. त्याच प्रसंगात नागपूरच्या व्यापाऱ्याने ‘ठीक आहे, बघू’ असे उत्तर पाठवले असेल, तर ती स्वीकृती की टोलवाटोलवी, हा वस्तुस्थितीतील फाटा. मराठी माणसाच्या ‘बघू’ या शब्दात करारविधीचा एक अख्खा प्रश्न सामावलेला आहे, हे कोणत्याही गाईडने अद्याप ओळखलेले दिसत नाही.

अभ्यासाच्या कार्यक्षमतेचा अर्थ येथे बदलतो. कमी वेळात अधिक पाने संपवणे म्हणजे कार्यक्षमता, ही समजूत मागे पडते. त्या जागी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे, स्वतःचा आराखडा स्वतः तयार करणे आणि प्रत्येक नियमाशेजारी त्याचा विरोधी नियम किंवा अपवाद मांडून ठेवणे या गोष्टी येतात. अमेरिकी विद्यार्थी ज्याला ‘आउटलाइन’ म्हणतात त्या सत्रभराच्या विषयाच्या आटीव मांडणीबद्दल पुस्तकाचा सल्ला मार्मिक आहे : तयार झालेल्या कागदापेक्षा तो तयार करण्याची क्रिया मोलाची. बाजारातून आणलेल्या सारांशात ती क्रिया दुसऱ्याने केलेली असते.

स्मरणाविषयीचे मौन

तथापि पुस्तकाची एक मर्यादा ठळक आहे. फाटा ओळखण्यासाठी दोन्ही वाटा आधी ठाऊक असाव्या लागतात. त्या स्मरणात कशा राहाव्यात, याबाबत हे पुस्तक फारसे काही सांगत नाही. नियम माहीत असणे ही किमान अट असे म्हणून ते पुढे जाते. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी निवाडा मुळातून वाचतानाच धाप लागते, त्याच्यासाठी ही किमान अटच डोंगराएवढी असते.

ही पोकळी मानसशास्त्रातील संशोधन काही अंशी भरून काढते. रोएडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुनर्वाचन करणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड पुनःपुन्हा वाचणाऱ्यास ‘सगळे येते’ असे का वाटते, याचे उत्तर पहिल्या दोन आकड्यांत आहे. डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे व अभ्यास कालांतराने विभागणे ही दोन तंत्रे सर्वाधिक उपयुक्त ठरली, तर ओळी रंगवणे व पुनर्वाचन यांची उपयुक्तता अल्प ठरली. विधी विद्यार्थ्याच्या हातातील पिवळा हायलायटर, या न्यायाने, बहुतांशी समाधानाचे साधन ठरतो.

मात्र हे निष्कर्ष जसेच्या तसे विधी शिक्षणावर लादणे उतावीळपणाचे होईल. मूळ प्रयोगातील उतारे छोटे व माहितीपर होते. मोजले गेले ते त्यातील आशयाचे स्मरण. दोन विरोधी युक्तिवाद तोलण्याचे कौशल्य त्यात मोजलेले नव्हते. स्मरणाचे शास्त्र विद्यार्थ्याला फाट्यापर्यंत आणून सोडते. पुढे चालायला फिशल-पॉल शिकवतात. दोहोंपैकी एकावर विसंबणारा अभ्यास लंगडा राहतो.

पाठांतरावरील टीका आपल्याकडे नवी नाही. पण तिची किंमत किती हे १ जुलै २०२४ रोजी प्रत्यक्ष दिसले. त्या दिवशी ५११ कलमांची भारतीय दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ हे १०३ झाले. ज्याच्या क्रमांकावरून मराठीत ‘चारसोबीस’ हा शब्द रूढ झाला ते कलम ३१८ मध्ये विलीन झाले. कलमांचे आकडे हेच ज्यांचे ज्ञान होते त्यांची पुंजी एका रात्रीत बाद ठरली. परंतु सदोष मनुष्यवध आणि खून यांच्या सीमारेषेवरील जुना फाटा, म्हणजे कलम २९९ व ३०० यांच्यातील, आता कलम १०० व १०१ यांच्यात जवळपास तसाच शाबूत आहे. तो फाटा समजलेल्या विद्यार्थ्याला केवळ नवे आकडे शिकावे लागले.

प्राध्यापक, प्राश्निक, परीक्षक

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटू शकेल की, आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती गाईडऐवजी हे पुस्तक दिले की काम भागले. येथेच त्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली अडचण समोर येते. जो शिकवतो तोच प्रश्नपत्रिका काढतो आणि तोच उत्तरपत्रिका तपासतो, हे ‘गेटिंग टू मेबी’चे मूलभूत गृहीतक आहे. त्यामुळे प्राध्यापकाचे वर्गातील प्रश्न ऐका, त्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, त्याला कोणत्या संदिग्धतेत रस आहे ते ओळखा, हा सल्ला तेथे अर्थपूर्ण ठरतो. अमेरिकी विद्यार्थी एका परिचित वाचकासाठी लिहितो.

संलग्न महाविद्यालयांच्या आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत हे तीन अधिकार तीन व्यक्तींत विभागलेले असतात. शिकवणारा एका गावात, प्राश्निक दुसऱ्या, आणि केंद्रीय मूल्यमापनात उत्तरपत्रिका पडते ती तिसऱ्याच परीक्षकाच्या पुढ्यात. निःपक्षपातासाठी ही विभागणी आवश्यक मानली गेली व त्यात तथ्यही आहे. पण तिचा अभ्यासावर होणारा परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. अपरिचित परीक्षकासाठी लिहिणारा विद्यार्थी सर्व परीक्षकांना मान्य होईल असेच उत्तर लिहील : व्याख्या, घटक, कलम, दोन खटल्यांची नावे, निष्कर्ष. हा लघुतम सामाईक भाजक म्हणजेच गाईड. प्रसंगाधारित प्रश्न आपल्या विधी परीक्षांत नाहीत असे नाही, ते असतात. परंतु त्यांतील अनेक प्रसंग एखाद्या प्रसिद्ध निवाड्यातील पक्षकारांची नावे बदलून केलेले असतात. खामगावच्या जागी अकोला, सरकी पेंडेच्या जागी कापूस. बाकी सारे तेच. अशा प्रश्नात फाटा नसतो. निवाडा ओळखणे एवढेच काम असते. आणि आदर्श उत्तरपत्रिकेत ‘करार अहमदाबादेत झाला’ एवढेच लिहिलेले असेल, तर हिदायतुल्लांच्या भिन्नमताने दोन पाने भरणारी विद्यार्थिनी धोका पत्करत असते. परीक्षकाने ते भिन्नमत वाचलेले नसेल, तर तिचे सर्वोत्तम उत्तर चुकीचे ठरेल. तिने गाईड निवडले, तर तिला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. समोरच्या परीक्षेचे वाचन तिने फिशल-पॉल यांच्या इतक्याच चोखपणे केलेले असते.

मराठी माध्यमातून उत्तरे लिहिणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक अडसर येतो. मूळ निवाडा इंग्रजीत, त्याचा मराठी सारांश गाईडमध्ये, आणि सारांशात भिन्नमत गाळलेले. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला जो फाटा निदान दिसण्याची शक्यता असते, तो मराठी वाचकाच्या नकाशावरूनच पुसलेला असतो. अलीकडील वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निर्णय मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध होऊ लागले आहेत ही स्वागतार्ह बाब होय; परंतु अभ्यासक्रमातले जुने, पायाभूत निवाडे भिन्नमतांसह मराठीत आणण्याचे काम विधी महाविद्यालयांनीच हाती घ्यावे लागेल. संशोधन प्रकल्पांच्या याद्या पाहता, याहून निकडीचा प्रकल्प शोधणे कठीण आहे.

फिशल आणि पॉल यांनी विद्यार्थ्याला उद्देशून लिहिले. प्रश्नपत्रिका कशी असावी याविषयी ते प्राध्यापकांशी बोलत नाहीत. त्यांच्या देशात ते कदाचित चालून गेले असेल, कारण तेथील प्रश्नपत्रिकेत फाटे होते आणि विद्यार्थ्याला ते दिसत नव्हते. आपल्याकडे उलट स्थिती आहे. म्हणून या पुस्तकाचा खरा वाचक आपल्या व्यवस्थेत प्राश्निक ठरतो. प्रसंगात किमान एक फाटा मुद्दाम ठेवणे. आदर्श उत्तरात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नोंदवून प्रत्येकासाठी स्वतंत्र गुण दर्शवणे. निष्कर्षाला दहापैकी दोनाहून अधिक गुण न ठेवणे. आणि ही गुणविभागणी मूल्यमापन केंद्रावरील प्रत्येक परीक्षकाच्या हाती तपासणीपूर्वी देणे, यांपैकी कशालाही नवा अध्यादेश लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनात तर प्राध्यापक, प्राश्निक व परीक्षक एकच असतो. त्या मोजक्या गुणांचे प्रश्न आज बहुधा ‘टिपा लिहा’ या शब्दांनी सुरू होतात. तेथे केडिया खटल्याचे बहुमत व भिन्नमत समोर ठेवून ‘यांपैकी कोणता युक्तिवाद ई-मेलला अधिक लागू पडतो?’ असे विचारता येईल. पुस्तक उघडे ठेवून लिहू दिले, तरी या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाईडमधून उतरवता येणार नाही.